सात भिंतींची खोली: गुलाब आणि क्रूस कागदावरून लॉजमध्ये कसे आले

रोझिक्रूशियन, म्हणजे गुलाब आणि क्रूस हे चिन्ह मानणाऱ्या युरोपीय गूढ परंपरेबद्दल वाचायला घेणारा माणूस बहुतेक वेळा सुरुवातीलाच गोंधळतो. एक पक्ष सांगतो की ही गुरुपरंपरा थेट इजिप्तच्या फॅरोंपासून अखंड चालत आली आहे. दुसरा पक्ष सगळंच थोतांड म्हणून बाजूला सारतो. या दोन्ही पक्षांच्या नादी न लागता एका खोलीचा माग काढावा, असं मी सुचवेन. ही खोली १६१४ मध्ये छापील पानावर आली आणि १८९२ मध्ये लंडनमध्ये खरोखर बांधली गेली. मधल्या पावणेतीनशे वर्षांचा इतिहास समजला की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

माझं मत आधीच सांगतो. या परंपरेत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जे आलं, ते ग्रंथांतून, हस्तलिखितांतून आणि विधींच्या वह्यांतून आलं. न तुटलेली गुरुशिष्यांची साखळी सिद्ध करायचा जेव्हा जेव्हा कुणी प्रयत्न केला, तेव्हा तेव्हा संघ फुटला. साधना मात्र टिकली.

‘फामा फ्राटेर्निटाटिस’ ही या परंपरेची पहिली पुस्तिका जर्मनीतल्या कासेल इथे १६१४ मध्ये छापली गेली. तिची हस्तलिखितं त्याआधी काही वर्षं फिरत होती, कारण आडाम हासल्मायर याने तिला दिलेलं उत्तर १६१२ मध्येच छापलं गेलं होतं. १६१५ मध्ये ‘कन्फेसिओ’ ही दुसरी पुस्तिका आली, आणि १६१६ मध्ये स्ट्रासबुर्गला क्रिस्टियन रोझेनक्रॉइट्झच्या ‘रासायनिक विवाहा’ची कथा निघाली. पहिल्या पुस्तिकेत गुप्त बंधुसंघाच्या संस्थापकाचं पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं आहेत. पूर्ण नाव तिसऱ्या पुस्तकात येतं. पुढचे लोक हा फरक विसरतात आणि तिन्ही पुस्तकांची एकच गोष्ट करून टाकतात.

कथेनुसार हा बंधू १३७८ मध्ये जन्मला, पूर्वेकडे फिरून विद्या घेऊन आला आणि १०६ वर्षं जगला. त्याच्या संघाचे नियम सहा. रोग्यांवर फुकट उपचार करायचे आणि दुसरा कुठलाही व्यवसाय सांगायचा नाही. वेगळा पोशाख घालायचा नाही, ज्या देशात असू तिथल्यासारखं राहायचं. वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी ‘पवित्र आत्म्याच्या घरी’ जमायचं, किंवा न येण्याचं कारण कळवायचं. प्रत्येकाने आपल्यामागे एक लायक माणूस शोधून ठेवायचा. आद्याक्षरं हीच मुद्रा. आणि संघ शंभर वर्षं गुप्त ठेवायचा. या नियमांत मंत्रतंत्र नाही, मिरवणं नाही. गुलाबक्रूसाच्या नावाने पुढे जे काही झालं, त्यातलं मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

मग येते ती खोली. एक बंधू भिंतीतला मोठा खिळा उपटतो, त्यासोबत दगड निघतो आणि दार दिसतं. दारावर लिहिलेलं असतं की १२० वर्षांनी मी उघडेन. आत सात भिंती आहेत, प्रत्येक पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच. सूर्यप्रकाश आत येत नाही, पण छताच्या मधोमध दुसराच एक सूर्य उजेड देतो. मध्यभागी पितळी पत्र्याने मढवलेली गोल वेदी आहे, आणि वेदीखाली न कुजलेला देह आहे, हातात चर्मपत्राचं पुस्तक धरलेला. प्रत्येक भिंतीत दार असून त्यामागे पेटी आहे. पेट्यांतल्या ग्रंथांत पॅरासेल्सस या वैद्य-किमयागाराचा शब्दकोशही आहे. इथे सावध वाचक थांबतो. १३७८ मध्ये १०६ मिळवले तर १४८४ येतात, आणि पॅरासेल्सस जन्मला १४९३ मध्ये. तेव्हा बंद झालेल्या खोलीत त्याचा ग्रंथ असणं शक्य नाही. उघडण्याचं वर्ष १६०४ निघतं. त्याच वर्षी भुजंगधारी तारकासमूहात नवा तारा दिसला होता, आणि ‘कन्फेसिओ’ त्याचा उल्लेख शुभचिन्ह म्हणून करते.

ही पुस्तकं ट्युबिंगेनच्या लूथरपंथी मित्रमंडळीतून निघाली, असं अभ्यासक मानतात. त्या मंडळीत टोबियास हेस, क्रिस्टोफ बेझोल्ड आणि योहान व्हालेंटिन आंद्रेए होते. ‘रासायनिक विवाह’ आपण तरुणपणी लिहिला, हे आंद्रेए याने स्वतः नोंदवून ठेवलं आहे. धर्म, वैद्यक आणि विद्या या तिन्हींची एकदमच सुधारणा व्हावी, ही या लोकांची तळमळ होती, आणि कथा हे तिचं साधन होतं. युरोपने कथा खरी मानली. संघात प्रवेश मिळावा म्हणून लोकांनी उत्तरं छापली, मायकेल मायर आणि रॉबर्ट फ्लड यांनी समर्थनाचे ग्रंथ लिहिले, १६२३ मध्ये पॅरिसच्या भिंतींवर ‘बंधू शहरात आले आहेत’ अशा जाहिराती लागल्या. ज्यांना प्रवेश हवा होता त्यांच्यापैकी कुणालाही संघाचं घर सापडल्याचा पुरावा नाही.

मेसन, म्हणजे फ्रीमेसन, हे पायरीपायरीने दीक्षा देणाऱ्या बंधुसंघाचे सदस्य; त्यांची शाखा म्हणजे लॉज. त्यांच्याशी संबंध नेमका कधी जुळला? छापील पुराव्यात पहिला धागा स्कॉटलंडमधल्या पर्थ शहराचा आहे. हेन्री अ‍ॅडमसनच्या १६३८ मधल्या कवितेत ‘आम्ही गुलाबक्रूसाचे बंधू आहोत, आमच्याकडे मेसनांचा शब्द आणि अतींद्रिय दृष्टी आहे’ अशा अर्थाच्या ओळी आहेत. यावरून दोन्ही संघ एकच होते असा निष्कर्ष काढणं चूक आहे. त्या काळच्या वाचकाच्या मनात दोन्ही गुपितं शेजारी शेजारी बसत होती, एवढंच त्यावरून कळतं. इंग्लंडमधल्या एलियास अ‍ॅशमोलचंही तसंच. १६ ऑक्टोबर १६४६ रोजी तो वॉरिंग्टनला मेसन झाला, आणि किमयेचा तर तो मोठा संग्राहक होता. पण त्याने लॉजमध्ये किमया आणली, असं कुठेच दिसत नाही.

खरा बदल अठराव्या शतकात झाला. लंडनच्या ग्रँड लॉजची घटना १७२३ मध्ये छापली गेली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिसरी पायरी स्थिर झाली. या पायरीत शलमोनाच्या मंदिराचा शिल्पी हिराम मारला जातो, त्याचा देह शोधला जातो, पण मूळ शब्द हरवलेलाच राहतो. त्याच्या जागी तात्पुरता शब्द दिला जातो. पुढच्या सगळ्या गूढ पायऱ्यांचं मूळ या एका उणिवेत आहे. शब्द हरवला असेल तर तो कुठे तरी सापडलाही पाहिजे, असं फ्रान्समधल्या लॉजांना वाटू लागलं. १७३६ मध्ये पॅरिसला रॅमसे याने मेसनांचं नातं धर्मयुद्धातल्या सरदारांशी जोडणारं भाषण केलं, आणि तिथून शेकडो ‘उच्च पायऱ्या’ रचल्या गेल्या.

त्यांतली सर्वांत सुंदर पायरी म्हणजे रोझ-क्रॉईक्स. ती १७६० च्या दशकात फ्रान्समध्ये स्पष्ट दिसते, आणि आज ‘स्कॉटिश राइट’ या मेसन विधीपद्धतीच्या ३३ पायऱ्यांत अठरावी आहे. या राइटची सुप्रीम काउन्सिल ३१ मे १८०१ रोजी चार्ल्सटनला स्थापन झाली. इंग्लंडमध्ये चौथी ते सतरावी या पायऱ्या नुसत्या नावाने दिल्या जातात आणि अठरावीच पूर्ण विधीसह होते. विधीची रचना तीन खोल्यांची असते. पहिली काळ्या पडद्यांची, जिथे शब्द हरवलेला आहे आणि दुःख पसरलेलं आहे. उमेदवार श्रद्धा, आशा आणि प्रेम या तीन नावांच्या आधाराने प्रवास करतो. दुसरी अंधारी, मृत्यूच्या खुणांची. तिसरी लाल, गुलाबांची, ३३ दिव्यांची, सात पायऱ्यांच्या शिडीची. तिथे हरवलेला शब्द सापडतो, आणि तो म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या पाटीची चार आद्याक्षरं, INRI. किमयागारांनी याच चार अक्षरांचं ‘अग्नीने सगळा निसर्ग नवा होतो’ असं वाक्य केलं होतं. एका खोलीत धर्म आणि किमया एकत्र बसवायला इतकी अचूक जागा दुसरी सापडली नसती.

या पायरीत १६१४ च्या पुस्तिकेतलं थेट असं काही नाही. नाव आणि चिन्ह घेतलं, कथा घेतली नाही. ही पायरी म्हणजेच जुना रोझिक्रूशियन संघ असं समजणं, ही सर्रास होणारी गल्लत आहे.

मुंबईच्या मेसनांच्या संदर्भात या पायरीची एक अट महत्त्वाची ठरते. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं आणि माणेकजी कर्सेटजींसारख्या पारशी गृहस्थांना पहिल्या तीन पायऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. त्या तीन पायऱ्यांत ईश्वर मानणं पुरतं. पण इंग्रजी पद्धतीच्या रोझ-क्रॉईक्ससाठी त्रैक्यवादी ख्रिस्ती असणं सक्तीचं होतं आणि आजही आहे. त्यामुळे लॉजच्या प्रमुखपदापर्यंत पोचलेला पारशी किंवा हिंदू मेसनही त्या लाल खोलीबाहेरच राहायचा. अमेरिकेच्या स्कॉटिश राइटमध्ये ही अट नाही.

आता दोन जर्मन प्रकरणं. त्यांतून या क्षेत्रातला नेहमीचा बिघाड कळतो. बॅरन फॉन हुंड याने १७५० च्या दशकात ‘स्ट्रिक्ट ऑब्झर्व्हन्स’ ही व्यवस्था उभारली. आपल्याला ‘अज्ञात वरिष्ठां’नी दीक्षा दिली आणि ते धर्मयुद्धांतल्या टेंपलर सरदारांचे वारस आहेत, असा त्याचा दावा होता. सदस्यांनी आज्ञापालनाची शपथ घ्यायची, पण आज्ञा देणारा कोण ते विचारायचं नाही. वरिष्ठांकडून पुढची विद्या येईना, हुंड १७७६ मध्ये वारला, आणि १७८२ च्या विल्हेल्म्सबाड अधिवेशनात टेंपलर वारशाचा दावा सोडून द्यावा लागला. लिओनच्या विलेर्मोझ याने मात्र त्याच व्यवस्थेचा सांगाडा घेऊन, मार्टिनेझ द पास्काली या गूढवाद्याची शिकवण त्यात ओतून, ‘रेक्टिफाइड’ पद्धत तयार केली. ती आजही चालू आहे. दावा पडला, वही उरली.

दुसरं प्रकरण ‘सुवर्ण आणि गुलाबक्रूस’ संघाचं. ‘सिन्सेरस रेनाटस’ या नावाने लिहिणाऱ्या सॅम्युएल रिश्टरने १७१० मध्ये ब्रेस्लाऊला किमयेवर ग्रंथ छापला आणि त्यात अशा बंधुसंघाचे नियम दिले. पुढे शतकाच्या उत्तरार्धात खरोखरच त्या नावाचा संघ उभा राहिला. म्हणजे इथेही आधी कागद, मग माणसं. प्रवेशासाठी तिसऱ्या पायरीचा मेसन असणं आवश्यक होतं. १७७७ च्या सुधारणेतली उतरंड नऊ पायऱ्यांची होती: ज्युनिअर, थिओरेटिकस, प्रॅक्टिकस, फिलॉसॉफस, मायनर, मेजर, एक्झेम्प्टस, मॅजिस्टर, मेगस. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुन्हा दोनदा येणार आहे. प्रशियाचा राजपुत्र फ्रीडरिश विल्हेल्म १७८१ मध्ये या संघात आला आणि १७८६ मध्ये राजा झाला. संघातला वोल्नर त्याचा मंत्री झाला आणि १७८८ मध्ये धर्मोपदेशकांवर बंधनं घालणारा हुकूम निघाला. विश्वसुधारणेच्या पुस्तिकेपासून निघालेलं नाव अखेर विचारस्वातंत्र्य आवळण्याच्या कामी आलं. गुप्त आज्ञापालन आणि राजसत्ता एकत्र आली की हेच होतं, असं मला ठामपणे वाटतं.

१८६७ मध्ये रॉबर्ट वेंटवर्थ लिटल याने लंडनला ‘सोसायटास रोझिक्रूशियाना इन अँग्लिया’ सुरू केली. सदस्य मास्टर, म्हणजे तिसऱ्या पायरीचे, मेसन आणि ख्रिस्ती, पायऱ्या नऊ, नावं तीच, फक्त पहिलीचं झेलेटर. याच संस्थेतल्या वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन या तिघांनी १८८८ मध्ये ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची संस्था काढली. आधार होता सांकेतिक लिपीतल्या एका हस्तलिखिताचा. त्याची सुमारे ६० पानं आहेत, लिपी ट्रिथेमियसच्या ग्रंथातली, खालची भाषा साधी इंग्रजी. कागदावर १८०९ चा जलछाप आहे, पण मजकुरात हिब्रू अक्षरं आणि टॅरोची, म्हणजे भविष्य सांगण्याच्या पत्त्यांची, पानं जशी जोडली आहेत, ती जोडणी फ्रेंच गूढविद्या-लेखक एलिफास लेव्हीच्या १८५० च्या दशकातल्या ग्रंथांनंतरचीच असू शकते. जुना कागद मिळवणं सोपं असतं. लेखक केनेथ मॅकेंझी असावा असा अभ्यासकांचा कल आहे.

पायऱ्यांना इथे दोन आकडे लागले. झेलेटर १=१०, थिओरिकस २=९, प्रॅक्टिकस ३=८, फिलॉसॉफस ४=७. पहिला आकडा खालून चढलेल्या पायरीचा, दुसरा कब्बाला या यहुदी गूढविद्येच्या जीवनवृक्षावर वरून मोजलेल्या स्थानाचा. बेरीज नेहमी ११. नवख्याची पायरी ०=०, म्हणजे वृक्षाच्या बाहेर. चार पायऱ्यांची तत्त्वं पृथ्वी, वायू, जल, अग्नी. प्रत्येकीला अभ्यासक्रम आणि परीक्षा. मेसनांपेक्षा मोठा फरक म्हणजे स्त्रियांना समान प्रवेश. पहिली दीक्षा मिना बर्गसनला, म्हणजे पुढच्या मोइना मॅथर्सना मिळाली. फ्लॉरेन्स फार या बाई तर पुढे लंडन मंदिराच्या प्रमुख झाल्या.

आणि १८९२ मध्ये दुसऱ्या, आतल्या संघासाठी ती खोली बांधली गेली. मापं १६१४ चीच: पाच फूट, आठ फूट, सात भिंती. प्रत्येक भिंत एक फुटाच्या ४० चौकोनांत विभागलेली. दहा चौकोन जीवनवृक्षाच्या दहा स्थानांचे, चार केरुब या देवदूतांचे, एक आत्मतत्त्वाचा, तीन किमयेच्या मूलद्रव्यांचे, तीन तत्त्वांचे, सात ग्रहांचे, बारा राशींचे. बेरीज बरोबर ४०, सात भिंतींचे मिळून २८०. प्रत्येक भिंत एका ग्रहाची आणि त्याच्या रंगाची: शनी गडद निळा, गुरू जांभळा, मंगळ लाल, सूर्य नारिंगी, शुक्र हिरवा, बुध पिवळा, चंद्र निळा. छत पांढरं, जमीन काळी, दार शुक्राच्या भिंतीत. मधल्या गोल वेदीखाली पेटी, आणि ५=६ या आतल्या संघाच्या पहिल्या पायरीच्या विधीत त्या पेटीत मुख्य अधिकारी स्वतः संस्थापक म्हणून पडून राहतो. त्याआधी उमेदवाराला क्रूसाला बांधून शपथ दिली जाते. खोली उघडताना जी चार अक्षरं उलगडून म्हटली जातात, ती रोझ-क्रॉईक्सच्या लाल खोलीत सापडलेलीच अक्षरं. दोन वेगळ्या वाटा इथे एकत्र येतात.

अशी खोली आखायची तर अडचण सप्तकोनाची येते. नियमित सप्तकोन पट्टी आणि कंपासने तंतोतंत काढता येत नाही. पाच फुटांची बाजू हवी तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ५ फूट ९ इंच लागते, कोपऱ्याचा आतला कोन १२८.५७ अंश, आणि एका भिंतीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जवळपास ११ फूट जागा. जुने कारागीर वर्तुळात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू घेऊन सात वेळा फिरवतात. कागदावर हे चालतं. या मापाला मात्र शेवटच्या कोपऱ्यात साधारण एक इंचाची फट राहते आणि दार बसत नाही. म्हणून आधी कोन मोजून सात बिंदू घ्यावेत, मगच चौकट ठोकावी. रंगातही असंच. प्रत्येक चौकोनात पायाचा रंग आणि चिन्हाचा रंग परस्परविरोधी असतात, लालवर हिरवा, निळ्यावर नारिंगी, म्हणजे नजर ठरली की ते लखलखतात. पहिला हात पूर्ण वाळायच्या आत दुसरा चढवला तर कडा मातकट होते आणि लखलखाट जातो. २८० चौकोनांत तो दोष लपत नाही.

संघ मोडला तो जुन्याच कारणाने. वेस्टकॉटकडे जर्मनीतल्या एका अ‍ॅना स्प्रेंगेल नावाच्या बाईंची अधिकारपत्रं होती. फेब्रुवारी १९०० मध्ये मॅथर्सने फ्लॉरेन्स फार यांना कळवलं की तो पत्रव्यवहार बनावट आहे. लंडनच्या सदस्यांनी चौकशी मागितली, मॅथर्सने ती नाकारली, आणि काही महिन्यांत फूट पडली. फॉन हुंडचे अज्ञात वरिष्ठ सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या नावाने परत आले होते. विधी मात्र वेगवेगळ्या गटांत आजही होतात.

विसाव्या शतकात साधना लॉजमधून घरात आली. हार्वे स्पेन्सर लुइस यांनी १९१५ मध्ये न्यू यॉर्कला अ‍ॅमॉर्क ही रोझिक्रूशियन संस्था स्थापन केली आणि पुढे तिचं केंद्र सॅन होझेला गेलं. तिथे धडे टपालाने येतात. घरातल्या एका कोपऱ्यात आरसा, दोन मेणबत्त्या आणि गुलाबक्रूस ठेवून सदस्य एकटाच विधी करतो. नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये १९२४ पासून लेने बंधूंच्या गटातून ‘लेक्टोरियम रोझिक्रूशियानम’ वाढलं, त्याचा कल ग्नॉस्टिक, म्हणजे आतल्या ज्ञानाने मुक्ती मानणारा आहे. अ‍ॅनी बेझंट आपल्याला होमरूलमुळे ठाऊक आहेत. स्त्रीपुरुषांच्या संयुक्त मेसनरीत त्या १९०२ मध्ये दाखल झाल्या आणि १९१२ मध्ये ‘टेंपल ऑफ द रोझी क्रॉस’च्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. त्यांच्या थिऑसॉफी चळवळीचं बिऱ्हाड तर १८७९ ते १८८२ मुंबईतच होतं.

ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९०६ मध्ये मेम्फिस-मिस्राइम या मेसन पद्धतीची सनद घेतली होती, पण १९१० मध्ये त्यांनी छापलेल्या ध्यानाला कुठलीच सनद लागत नाही. आधी मनात रोप वाढू द्यायचं: मूळ, देठ, पान, फूल. शेजारी माणूस. माणूस रोपापेक्षा पुढे गेला आहे, पण त्याच्यात वासना आहे. रोपात ती नाही. मग हिरवा रस गुलाबात लाल होताना पाहायचा, आणि तो लाल रंग शुद्ध झालेल्या रक्ताची खूण म्हणून मनाला लागेपर्यंत थांबायचं. त्यानंतरच काळा क्रूस आणि जिथे लाकडं छेदतात तिथे वर्तुळात सात तांबडे गुलाब. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते थेट शेवटचं चित्र डोळ्यांपुढे आणतात आणि काहीच घडत नाही, कारण चित्राचं बळ त्याआधी जमवलेल्या भावनेत असतं. शेवटी चित्रही सोडायचं आणि ते घडवणाऱ्या आपल्याच आतल्या हालचालीकडे लक्ष ठेवायचं.

रोझिक्रूशियन लेखक माक्स हाइंडेल यांच्या १९०९ मधल्या मांडणीत रात्रीचा पाठ आहे. अंथरुणावर पडल्यावर दिवस उलटा पाहायचा: आधी रात्र, मग संध्याकाळ, मग दुपार, शेवटी सकाळ. उलटा अशासाठी की परिणाम आधी दिसतो आणि त्याचं कारण मागून सापडतं. सुलट पाहिलं की मन स्वतःची बाजू मांडत सुटतं. जिथे चुकलं तिथे खंत पूर्ण जाणवू द्यायची, जिथे बरं वागलो तिथे समाधानही. सुरुवातीला दुपारपर्यंत पोचायच्या आतच झोप लागते. तेव्हा बसून करावं, आणि पहिले काही दिवस फक्त संध्याकाळपुरतंच करावं.